भाड्याच्या पॉवरबँका: धंदा टिकतो का, की नुसती मशीनं खपवली जातात?

सातपूरकर

मंडळी, सल्ला हवाय, आणि रोखठोक हवाय. पुतण्या (डिप्लोमावाला, सध्या अंबडला एका कारखान्यात) पॉवरबँक भाड्याने देण्याची फ्रँचायझी घ्यायची म्हणून हटून बसलाय. कंपनीचं नाव इथे देत नाही. हॉटेलच्या गल्ल्याजवळ एक मशीन ठेवायचं, त्यात आठ पॉवरबँका. गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन केला की एक बाहेर येते, वापरून झाली की कुठल्याही मशीनमध्ये परत खोचायची. तासाला तीस रुपये.

चार मशीन मिळून अडीच लाख मागतायत. महिना अठरा हजार 'पक्के' असं माणूस तोंडाने सांगतो, कागदावर मात्र 'अपेक्षित' असा शब्द आहे. पुतण्याचं म्हणणं, चीनमध्ये हा धंदा अब्जावधींचा आहे, शिवाय पर्यावरणपूरक (माहितीपत्रकावर हिरवं पान छापलंय), आणि नाशकात सिंहस्थ तोंडावर आलाय. पैसे अर्थातच काकाने द्यायचेत. काय करू?

आकडेमोड्या

काका, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार मशीन गुणिले आठ, म्हणजे ३२ नग. सरासरी गिऱ्हाईक चाळीस रुपये देतं असं धरू, कारण बहुतेक जण तास-सव्वातासात परत करतात. त्यातले हॉटेलवाल्याला ४० टक्के, म्हणजे १६ रुपये. कंपनी अ‍ॅप, सर्व्हर आणि पेमेंटच्या नावाने २० टक्के तरी कापणार, ते ८ गेले. उरलेल्या १६ पैकी जीएसटी, फिरतीचं पेट्रोल वगैरे तूर्त बाजूला ठेवतो, म्हणजे तुमच्या बाजूने जेवढं उदार होता येईल तेवढं झालो.

१८,००० भागिले १६ म्हणजे महिन्याला ११२५ भाडी. दिवसाला साडेसदतीस. एका मशीनला रोज नऊच्या वर. रोज म्हणजे सोमवारी दुपारीही आणि धो धो पावसातही. आता तुमच्या ओळखीच्या कुठल्याही हॉटेलात जाऊन एक संध्याकाळ बसा आणि किती जणांचा फोन खरंच मरायला टेकलाय ते मोजा.

गंमत पुढे आहे. हा आकडा गाठलात तर प्रत्येक पॉवरबँक वर्षाला चारशेच्या वर वेळा रिकामी होऊन भरणार. साध्या लिथियम सेलची क्षमता तीनशे ते पाचशे फेऱ्यांत ऐंशी टक्क्यांवर येते. म्हणजे धंदा चालला तर वर्ष-दीड वर्षात माल बदलायचा, आणि नाही चालला तर माल तसाच पडून. माहितीपत्रकात हा खर्च कुठे दाखवलाय का बघा.

विजेचं मात्र टेन्शन घेऊ नका. ५००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे साडेअठरा वॉट-तास. चार्जिंगमधली गळती धरून पंचवीस. चाळीस वेळा भरलीत तरी एकच युनिट होतं. एका भाड्यामागे तीसेक पैसे. लोकांना वाटतं हा वीज विकायचा धंदा आहे, म्हणून 'तीस पैशाची वस्तू तीस रुपयाला' असं गणित डोक्यात बसतं आणि माणूस फसतो.

चहाबाज

आपल्याकडे हा धंदा आधीपासून आहे की! "शेठ, जरा चार्जिंगला लावा ना." भांडवल शून्य. चहा घेतला तर भाडं माफ. (हलके घ्या.)

आकडेमोड्या

@चहाबाज, हलकं घेतलंच, पण खरा स्पर्धक तोच आहे. दुसरी कुठली कंपनी नाही. आणि हल्ली पंधरा हजारांच्या फोनमध्येसुद्धा ५०००-६००० एमएएचची बॅटरी येते, वर फास्ट चार्जर. चहा संपेपर्यंत निम्मा फोन भरतो. भाड्याची पॉवरबँक ५००० ची असली तरी व्होल्टेज वाढवताना गळती होते, फोनच्या पोटात साठ-पासष्ट टक्केच पोचतं.

कॅन्टनवाला

पुतण्या चीनचं उदाहरण देतोय तर त्यावर जरा सविस्तर लिहितो. मालाच्या खरेदीसाठी ग्वांगझौ-शेनझेनला जाणं होत आलंय आणि हा प्रकार डोळ्यांसमोर वाढलेला पाहिलाय.

२०१७ साली तिथे सायकली, छत्र्या, सगळंच 'शेअर' करायचं वेड आलं होतं. पॉवरबँकेत पैसे ओतायला गुंतवणूकदार रांगेत. त्याच वर्षी चेन ओऊ या उद्योजकाने जिएदियान नावाच्या कंपनीत तीस कोटी युआन घातले. तेव्हा वांडा या बड्या चिनी उद्योगसमूहाच्या मालकाचा मुलगा वांग सिचोंग याने जाहीर टाकलं की हे चाललं तर मी विष्ठा खाईन. धंदा चालला. लोक अजून त्याला त्याची आठवण करून देतात. तुमच्या पुतण्याला ही गोष्ट बहुतेक माहीत असणार, कारण सगळे विक्रेते हीच सांगतात.

पण 'चालला' म्हणजे काय? तिथली मोठी कंपनी एनर्जी मॉन्स्टर (चिनी नाव ग्वायशोउ) एप्रिल २०२१ मध्ये नॅसडॅकवर (अमेरिकेतला शेअर बाजार) आली, ८.५० डॉलरच्या भावाने. आदल्या वर्षीची, म्हणजे २०२० ची, विक्री सुमारे २.८ अब्ज युआन. नफा साडेसात कोटी युआनच्या आसपास. म्हणजे शंभराला पावणेतीनसुद्धा नाही. शंभरातले पंचाहत्तर 'विक्री आणि विपणन' या खात्यात गेले होते, आणि त्याचा मोठा भाग म्हणजे हॉटेल, बार, कराओकेवाल्यांना द्यायचं कमिशन आणि मशीन ठेवू दिल्याबद्दल आगाऊ मोजलेली रक्कम. चांगल्या जागेसाठी चार कंपन्या बोली लावणार, आणि मशीन सगळ्यांचं सारखंच. मग जागेवाला कमिशन वाढवत नेणार नाही तर काय करेल?

कमिशन वाढलं की भाडं वाढवायचं. सुरुवातीला तासाला एक युआन असलेला दर तीन-चारवर गेला, पर्यटनस्थळी त्याहून जास्त. जून २०२१ मध्ये सरकारी बाजार नियामकाने या कंपन्यांना बोलावून दर स्पष्ट लावा म्हणून समज दिली. पुढे कोविडच्या टाळेबंदीत बार-हॉटेलं बंद. जानेवारी २०२५ मध्ये एनर्जी मॉन्स्टर बाजारातून काढून खासगी करायचा प्रस्ताव आला, तो १.२५ डॉलरने. साडेआठचे सव्वा.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. पूर्वी ही कंपनी स्वतःची माणसं नेमून मशीनं लावायची. नफा आटल्यावर तिने हळूहळू एजंटांकडे मोहरा वळवला. मशीन आणि पॉवरबँका एजंटाने घ्यायच्या, जागा त्यानेच शोधायची, कमिशनची घासाघीसही त्याचीच. कंपनीकडे मशीनचे पैसे आणि भाड्यातला हिस्सा. थोडक्यात, जिथे धोका होता ती बाजू दुसऱ्याच्या गळ्यात. तुमच्या पुतण्याला देऊ करतायत ती हीच बाजू आहे. चीनमध्ये ती द्यायला निदान काही वर्षं लागली, इथे पहिल्याच दिवसापासून देतायत.

खडूस_काका

सातपूरकर, 'महिना निश्चित' हे शब्द ऐकले की उठून चालू लागावं. बँकेत उभा जन्म गेला म्हणून सांगतो.

२०२१ मध्ये 'पॉवर बँक' याच नावाचं अ‍ॅप होतं. पैसे भरा, पंधरा दिवसांत दुप्पट. जूनमध्ये उत्तराखंड पोलिसांच्या एसटीएफने (विशेष पथकाने) ते उघडं पाडलं, एकट्या तिथल्या तपासात अडीचशे कोटींचा आकडा आला. दिल्ली पोलिसांनीही त्याच सुमारास धरपकड केली. सुरुवातीला थोडे पैसे परत मिळत, म्हणून लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओढत गेले.

सातपूरकर

काका, हे तसलं नाही. मशीनं खरी आहेत, पुतण्याने कॉलेज रोडवर चालू पाहिलीत. मी स्वतः एक पॉवरबँक काढून पाहिली. निघाली. तीन वायरी चिकटवलेल्या होत्या, त्यातली टाइप-सीची मुंडी सैल होती, हाताने दाबून धरल्यावर चार्ज होत होतं.

खडूस_काका

अ‍ॅपशी या मशीनवाल्यांचा संबंध आहे असं मी म्हटलेलंच नाही. माझं म्हणणं इतकंच की खऱ्या धंद्यात उत्पन्नाची हमी कुणी देत नाही. कंपनीला अठरा हजारांची इतकी खात्री असेल तर ती स्वतः कर्ज काढून मशीन लावेल. बँक तिला तुमच्यापेक्षा स्वस्त दराने देईल.

निशिकासाई

तोक्योहून लिहितेय. इथे चार्जस्पॉट नावाची सेवा २०१८ पासून आहे, चालवणारी इन्फोरिच कंपनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये तोक्यो शेअर बाजारात आली. म्हणजे टिकलीय, आणि कॅन्टनवाल्यांच्या निराशेवर थोडा उतारा म्हणून सांगते की आम्ही खरंच वापरतो.

पण का वापरतो ते बघा. इथे निम्म्याहून जास्त लोकांकडे आयफोन, त्याची बॅटरी भारतातल्या अँड्रॉइडपेक्षा बरीच लहान. घरातून सकाळी निघालेला माणूस रात्री परततो. पानाच्या टपरीवर "दादा, जरा लावा" म्हणायची सोय नाही, तशी टपरीच नाही. आणि कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, कोपऱ्याकोपऱ्यावर. शिंजुकूला घेतली, निशी-कासाईला उतरून घराजवळच्या दुकानात खोचली. परत कुठे करायची हा विचारच करावा लागत नाही. दहा मशीनच्या शहरात हे कसं जमणार? चार मशीनवाल्या पुतण्याचं गिऱ्हाईक पॉवरबँक घेऊन दुसरीकडे जाऊच शकत नाही, त्याला त्याच हॉटेलात बसून राहावं लागेल. मग भिंतीतलं सॉकेट काय वाईट?

कॅन्टनवाला

+१. जाळं आधी लागतं आणि जाळं उभं करायला पैसा. चीनमध्ये तो गुंतवणूकदारांचा होता, इथे काकांचा.

आणखी एक राहिलं. चीनमध्ये अनामत न घेता पॉवरबँक हातात देता आली कारण अलीपे या पेमेंटच्या सेवेचा 'झिमा' पतगुणांक होता. चांगला गुणांक असला की अनामत माफ, आणि परत केली नाही तर भाडं ९९ युआनपर्यंत चढत जाऊन ती तुमचीच. आपल्याकडे काय करणार? अनामत दोनशे ठेवली तर दोनशेत पॉवरबँक मिळाली म्हणून लोक घरी नेतील. आठशे ठेवली तर कोण घेईल?

आकडेमोड्या

आयपीओला अर्ज करताना यूपीआयवर रक्कम नुसती अडकवून ठेवतात, तसं करता येईल. पण वीस टक्के बॅटरी उरलेल्या, घाईतल्या माणसाकडून मँडेट (रक्कम अडकवायची परवानगी) मंजूर करून घेणं हे आणि एक दिव्य.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडं कोणी हे लावू नका बाप्पा. मे महिन्यात ४५ च्या वर पारा. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादाच साधारण ४५ अंशांची असते. मशीनच्या डब्यात आठ सेल एकाला एक चिकटून चार्ज होतात, वरून ढाब्याच्या गल्ल्यामागं भटारखाना. फुगून खाचेत अडकल्या तर काढायला कोण येते? एसीवाल्या मॉलात चालून जाईल. पण मॉलात तर फुकटचे पॉइंट असतात.

निशिकासाई

उष्णतेचा मुद्दा गंभीरपणे घ्या. जुलै २०२५ मध्ये इथे यामानोते लाईनच्या चालत्या गाडीत एका प्रवाशाच्या पॉवरबँकेने पेट घेतला, लोकांना रुळांवर उतरून चालत जावं लागलं. ती पॉवरबँक त्या प्रवाशाच्या स्वतःच्या मालकीची होती, भाड्याची नव्हे, आणि कंपनीने परत मागवलेल्या मालातली होती. स्वतःच्या वस्तूवर निदान आपलं लक्ष असतं. भाड्याची किती वेळा कुणाच्या हातून पडलीय ते पुढच्याला कळत नाही.

वॉर्ड_नंबर_सात

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तुम्ही सगळे हॉटेल आणि मॉलबद्दल बोलताय. खरी गरज आमच्याकडे आहे. पेशंटसोबतचा नातेवाईक गावाकडून आलेला, तीन-तीन दिवस इथेच. वॉर्डातलं सॉकेट मशीनसाठी, तिथे फोन लावू देत नाही आम्ही, आणि त्यावरून रोज भांडण. बाहेर जिन्याखाली एका बोर्डाला पाच-सहा फोन लोंबत असतात, मालक शेजारी राखण करत उभा. फोन बंद पडला तर रक्त कुठे मिळतंय, घरून पैसे कोण पाठवतंय, सगळं थांबतं. रात्री बाहेरचा टपरीवाला फोनमागे वीस रुपये घेतो आणि लोक देतात.

तासाला तीस मात्र कुणी देणार नाही. दिवसाला वीस-तीस असं ठेवलं तर घेतील. आणि इथे परत कुठे करायची हा प्रश्न येत नाही, माणूस त्याच आवारात असतो.

आकडेमोड्या

सिस्टर, धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. तासाच्या दराऐवजी दिवसाचा दर, बंदिस्त आवार, तेच गिऱ्हाईक तीन दिवस. जाळ्याची गरज संपते, कमिशनची बोली संपते. फक्त परवानगी आणि टेंडर हा वेगळा डोंगर आहे, आणि त्यात पुतण्याला फ्रँचायझीची गरजच नाही. चाळीस चांगल्या पॉवरबँका, एक वही आणि आधार कार्डाऐवजी शंभर रुपये अनामत. (आधार ठेवून घेऊ नका, ते वेगळं लचांड.)

लोणंदकर

वहीवाली पद्धत आमच्याकडे वारीत चालते. पालखीच्या मुक्कामाला मंडळाची पोरं फळीवर विसेक सॉकेट ठोकतात, फोनला नंबराची चिठ्ठी, तशीच चिठ्ठी माउलीच्या हातात. सगळं फुकट. सिंहस्थातही संस्था, आखाडे, कंपन्या हेच करणार. त्यामुळे पुतण्याने पर्वणीच्या भरवशावर अडीच लाख घालू नयेत. शिवाय अशा गर्दीत नेटवर्कच बसतं. क्यूआर स्कॅन झाला नाही तर मशीन म्हणजे लोखंडाची पेटी.

सातपूरकर

सिंहस्थाचा मुद्दा पुतण्याला वाचून दाखवला. जरा वरमलाय. पण 'पर्यावरणपूरक' यावर अडून आहे. म्हणतो, दहा जणांनी दहा विकत घेण्याऐवजी एक वाटून वापरली तर कचरा कमीच होणार ना?

भंगारातून

हा माझा प्रांत, ई-कचऱ्यात काम करते. पुतण्याचं वाक्य तत्त्वतः बरोबर आहे, पण घरात पॉवरबँक असलेला माणूस भाड्याने घेतो तेव्हा घरातली काही कमी होत नाही. ती विसरून आला म्हणून तर भाड्याने घेतोय. तेव्हा ही भर आहे, बदल नव्हे. वर अनामत बुडवून घरी नेलेली प्रत्येक पॉवरबँक म्हणजे वाटून वापरायच्या नावाखाली विकलेली एक जास्तीची वस्तू, आणि तीही घरी नीट चार्ज न होणारी, कारण बऱ्याच मॉडेलांना साधं चार्जिंगचं तोंडच नसतं, मशीनमधल्या पितळी पिनांवरच त्या भरतात. अशा फुगलेल्या डब्या माझ्याकडे येतात.

विचारायचं असेल तर कंपनीला हे विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर किंवा आयातदारावर ती परत गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवायची जबाबदारी आहे, त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी कुणाच्या नावावर आहे? मेलेले नग कंपनी परत घेणार की पुतण्याच्या माळ्यावर साठणार? आणि पॉवरबँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलेला असायलाच हवा, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचा निघाला तर पुढचं काही विचारूच नका.

सातपूरकर

नंबर टाकून पाहिला. सापडला, मॉडेलही जुळलं. परत घेण्याबद्दल विचारल्यावर 'पॉलिसी येतेय' असं उत्तर मिळालं. नोंदणीबद्दल काहीच बोलले नाहीत.

मिसळ_आणि_कंपनी

उशिरा आलो. माझं ठाण्यात हॉटेल आहे आणि अशा एका कंपनीचं मशीन गल्ल्याजवळ ठेवलंय, म्हणजे मी या खेळातला 'जागेवाला'. आमच्या बाजूने सांगतो.

मी एक रुपया घातलेला नाही. मशीन त्यांचं, वीज माझी (किरकोळ), कमिशन मला. महिन्याला जे येतं त्यात वेटरांच्या चहाचा खर्च निघतो, बस. मला खरी काळजी टेबल अडण्याची होती, कारण पॉवरबँक लावून पोरं तास-तास बसतात. म्हणून मशीन पार्सलच्या काउंटरकडे हलवलं. तिथे ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे वापर आणखी कमी. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, तुटक्या वायरींच्या पॉवरबँका बदलतो आणि मशीन पुन्हा पुढे आणा म्हणून विनवतो. तो माणूस म्हणजे तुमचा पुतण्या होणार, फरक इतकाच की याला पगार मिळतो.

पुतण्याला या धंद्यातच यायचं असेल तर आधी अशा कंपनीत ती नोकरी सहा महिने करू दे. कोणत्या जागी दिवसाला किती भाडी जातात हे त्याला अ‍ॅपवर फुकट दिसेल. अडीच लाखांची माहिती आहे ती.

खडूस_काका

करारात आगीची जबाबदारी कुणावर आहे?

मिसळ_आणि_कंपनी

काका, बरोबर नस पकडलीत. माझ्या करारात पहिल्यांदा 'जागाधारक' असं होतं, ते खोडून 'यंत्राचा मालक' करून घेतलं, मगच सही केली. विमावाल्यालाही लेखी कळवून ठेवलंय की आवारात लिथियम बॅटऱ्यांचं मशीन आहे. सातपूरकर, तुमच्या मसुद्यात यंत्राचा मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. अडीच लाख भरल्यावर ते पुतण्याचं असणार, आणि चार हॉटेलवाल्यांपैकी एक जरी माझ्यासारखा निघाला तर ती ओळ त्याच्याकडे येईल.

सातपूरकर

पान ७, कलम ११. 'यंत्राचा मालक (फ्रँचायझीधारक)'. मसुदा वकिलाकडे पाठवतोय. ठाण्याच्या त्या नोकरीचं काय म्हणालात, तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला विचाराल का नाशकात त्यांची जागा आहे का? पुतण्या तयार आहे, निदान आज तरी.